पास्कलमामांचा आरसा

पास्कलमामा मॅच आरशात बघत.

आखातातल्या सोहारच्या कारखान्यांच्या मागे एक मैदान आहे. मैदान आपलं म्हणायचं म्हणून. गवताचं पातं नाही, सगळी खडी आणि माती. मधोमध सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर अंथरलेली काथ्याची मॅट. शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत, तिथे आमची लीग चाले. बाकी टीमचे मॅनेजर तंबूत खुर्च्या टाकून बसत. आमचे मॅनेजर पास्कलमामा मात्र आपली जुनी पांढरी गाडी सीमारेषेला आणून लावत, आणि तीही मैदानाकडे पाठ करून. गाडीचं तोंड डोंगराकडे. मग ते एसी लावत, काच बोटभर खाली करत, समोरचा आरसा हलवून हलवून पिच बरोबर मधोमध आणत आणि त्या वीतभर काचेत अख्खी मॅच बघत.

कारण साधं होतं. मामांनी सरळ बघितलं की त्यांच्याच माणसाची विकेट पडते.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हसलो होतो. मी दारव्ह्याचा. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. घरात दोन वेळच्या भाकरीची कधी कधी पंचाईत असे, पण अंधश्रद्धेला उंबरठ्याच्या आत जागा नव्हती. असा मी सोहारच्या स्टील प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनियर म्हणून आलो आणि पहिल्याच शुक्रवारी मामांना समजावायला गेलो, "मामा, तुमच्या बघण्याचा आणि चेंडूच्या वळण्याचा काही संबंध नाही."

"नाही ना?" मामा म्हणाले. "मग बघू?"

त्यांनी काच पूर्ण खाली केली, मान बाहेर काढली आणि मागे बघितलं. आमचा सलामीचा फलंदाज त्याच चेंडूवर बोल्ड झाला. पुढच्या चेंडूवर त्याच्या जागी आलेला. मामांनी मान आत घेतली, काच वर केली आणि आरशातून मला म्हणाले, "आता पॅड बांधा, साहेब. तुमचा नंबर."

साहेब! मी तेव्हा चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. आमच्या घराण्यात आजवर कुणाला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. पास्कलमामा त्याच प्लांटमध्ये स्टोअर सांभाळत. वयाने माझ्या वडिलांएवढे. पण पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'इंगोलेसाहेब'. टिंगल म्हणून नाही, अगदी मनापासून. हे उपकार मी विसरलेलो नाही. तसाच त्यांच्या हातचा बॉटल मसाला घातलेला कोंबडीचा रस्साही विसरलेलो नाही. मामा मूळचे वसईचे. दर शुक्रवारी मॅच संपली की गाडीच्या डिकीतून भलंमोठं पातेलं निघे, खबूस रोट्यांच्या थप्प्या निघत, आणि हरलेल्या टीमचं जेवण सुरू होई. हरलेल्या म्हणतो, कारण जिंकण्याचा प्रसंग फारसा येत नसे.

मामांचं बोलणं म्हणजे मराठी, हिंदी आणि आखाताची अरबी यांचा मिळून एकच रस्सा. घाई असली की 'यल्ला बाबा', काम संपलं की 'खलास', आणि टॉस उडाला की 'इन्शाल्ला, आमेन!' दोन्ही एका दमात. मी विचारलं, तर म्हणाले, "दोन खिडक्यांवर अर्ज टाकून ठेवायचा साहेब. कुठली उघडी असेल सांगता येत नाही." आणखी एक सवय म्हणजे 'स्टोअरचा नियम'. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडे स्टोअरचा एक नियम असे. कुणाचं लग्न ठरत नसलं तरी, "स्टोअरचा नियम: माल रॅकवर दिसला पाहिजे. तो पोरगा घराबाहेर पडतो काय?"

गाडीत बसून ते टीम चालवत हॉर्नवर. एक हॉर्न म्हणजे फील्डर आत घ्या. दोन म्हणजे बोलर बदला. लांब हॉर्न म्हणजे 'गाढवांनो'. लांब हॉर्न सगळ्यात जास्त वाजे. पण आरशात डावं ते उजवं दिसतं, त्यामुळे मामा काच खाली करून "लेफ्टला जा, लेफ्टला!" ओरडले की आम्ही निमूट उजवीकडे पळायचो. नवीन आलेला माणूस डावीकडे जाई आणि शिव्या खाई.

आता आमच्या टीमविषयी. सोहार परिसरात नोकरीला असलेल्या मराठी माणसांची ती टीम. कॅप्टन मोरे वेल्डर होता. पोट सुटलेलं, पण हौस तरुण. बाकी आम्ही बहुतेक त्याच मापाचे. आमच्यात खेळाडू म्हणावा असा एकच. दिनू.

दिनू देवगडचा. बंदरावर फोर्कलिफ्ट चालवायचा. सडपातळ, काळासावळा, बोलणं कमी. पण बॅट हातात आली की चेंडू थेट समुद्राचं पाणी गोडं करायच्या डिसॅलिनेशन प्लांटच्या भिंतीला जाऊन लागे. तो डावखुरा होता. म्हणजे आरशात उजव्या हाताने खेळताना दिसे, आणि आम्ही बाकी सगळे डाव्या हाताने. मामा म्हणत, "अख्ख्या टीममध्ये सरळ खेळणारा हा एकटा."

दिनू मामांच्याच खोलीत राही. मामा त्याला सकाळी उठवत, डबा देत, सर्दी झाली की कपाळाला बाम चोळत आणि वर दिवसभर त्याच्या नावाने ओरडत. "बनियन उलटं घातलंय बघा हिरोने! आई नाही इथे सरळ करायला!" म्हणत स्वतः सरळ करत.

त्या मोसमात आम्ही तळाला होतो. शेवटच्या नंबरावरची टीम खालच्या गटात जाणार होती, आणि खालच्या गटाच्या मॅच भर दुपारी. आमच्यातल्या निम्म्यांना दुपारचं ऊन झेपणार नव्हतं. खाली गेलो की टीम मोडणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

अशात अल हैलच्या टीमचे मॅनेजर देसाई सोहारला आले. अल हैलची टीम म्हणजे मस्कतच्या एका बांधकाम कंपनीची. कपडे एकसारखे, पाण्याच्या बाटल्यांवरसुद्धा नाव. देसाई सरळ म्हणाले, "दिनू आम्हाला द्या. बदल्यात आमचे तीन प्लेअर घ्या. एक ओपनर, एक कीपर आणि एक फास्ट बोलर." आमच्या लीगमध्ये मोसमाच्या मधे अशी अदलाबदल चालते, फक्त मॅनेजरची सही लागते. शिवाय दिनूला त्यांच्या कंपनीत सुपरवायझरची नोकरी मिळणार होती. त्या नोकरीवर फॅमिली व्हिसा मिळतो. फोर्कलिफ्टवर मिळत नसे. दिनूची बायको आणि दोन वर्षांची मुलगी देवगडला होती. मुलीला त्याने एकाच सुट्टीत पाहिलं होतं.

माझ्या हॉलमध्ये टीमची बैठक बसली.

"देऊन टाकू," मोरे म्हणाला. "एकाच्या बदल्यात तीन! मामा, हिशेब सरळ आहे."

"कसला सरळ?" मामा उसळले. "स्टोअरमधला एकुलता एक चालू पंप द्यायचा आणि तीन स्पेअर पार्ट घरी आणायचे? पाणी कोण चढवणार, तुझा सासरा?"

"पंप एकटाच पाणी चढवतोय आणि आम्ही दहा नळ गळतोय, मामा! दिनू ऐंशी काढतो, आम्ही दहा मिळून वीस. तो आउट झाला की आम्ही कोंबडीच्या वासावर मॅच संपवतो."

"मग नळ बदल की! पंप का विकतो?"

"नळ बदलायचे म्हणजे आम्ही जायचं?" एवढं म्हणून मोऱ्याने आपल्या पोटाकडे बघितलं, आणि बाकीच्यांनी आपापल्या.

शेवटी सगळ्यांनी दिनूकडे बघितलं. तो दाराजवळ चपलांच्या शेजारी बसला होता. "माका जावचा नाय," तो म्हणाला.

मोऱ्याने कपाळाला हात लावला. मला वाटलं, मामा आता टाळ्या पिटतील. पण मामांचा चेहराच बदलला. ते दिनूकडे बघत राहिले, सरळ, आरशाबिरशाशिवाय. मग मला म्हणाले, "साहेब, शनिवारी सुट्टी आहे ना? अल हैलला जाऊन येऊ. स्टोअरचा नियम: वस्तू कुठे बसवणार ते बघितल्याशिवाय गेटपास द्यायचा नाही."

शनिवारी आम्ही दोघं निघालो. "तुम्ही शिकलेले, बोलायला बरे," मामा म्हणाले, म्हणून मी सोबत. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि बरोबर सुक्या बोंबलांचं पाकीट घेतलं होतं. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेला बाप जसा वाटभर गप्प असतो तसे ते गप्प.

देसाईंनी आधी मैदान दाखवलं. हिरवी मॅट, फ्लडलाइट, सावलीला छत. मामांनी त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. म्हणाले, "पोरगा राहणार कुठे?" देसाईंनी कंपनीची खोली दाखवली. मामांनी पलंगावर बसून बघितलं. नळ सोडून बघितला. मेसमध्ये जाऊन झाकणं उघडली आणि आचाऱ्याला विचारलं, "मासे कुठल्या दिवशी?"

"मासे नाही होत साहेब," आचारी म्हणाला.

"देवगडचा पोरगा आणि मासे नाहीत?" मामांनी देसाईंकडे असं बघितलं, जणू हुंड्याचं बोलणं निघालंय.

मग परत खोलीत आले. खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "ही पश्चिम. दुपारी पोरगा भाजून निघेल. आणि हा एसी? हा नुसता आवाज करतो. बायको-पोर येईपर्यंत तो इथेच राहणार ना?"

देसाई मुरलेले माणूस. त्यांना वाटलं, हे भाव वाढवायचे डावपेच आहेत. हसून म्हणाले, "मामा, मोकळं बोला. अजून एखादा प्लेअर पाहिजे का?"

"प्लेअर नको," मामा म्हणाले. "उलट एक कमी करा. तुमचा तो फास्ट बोलर ठेवून घ्या. त्याच्याऐवजी नवीन एसी लावा, आठवड्यातून दोनदा मासे करा, आणि फॅमिली व्हिसाचे कागद पहिल्याच महिन्यात घाला. कबूल?"

मी इंजिनियर. हिशेबाला पक्का. मी मामांची बाही ओढली. त्यांनी माझा हात झटकला. देसाईंनी एवढ्या घाईने हात पुढे केला की मला मामांची दया आली.

परतीच्या वाटेवर गाडी मामा चालवत होते. सगळा वेळ समोर बघत. बरका गाव मागे पडल्यावर अचानक म्हणाले, "मी पहिल्यांदा इकडे आलो ना साहेब, तेव्हा आमचा फ्रान्सिस एवढासा होता. टॅक्सीमागे धावत आला. म्हातारी आई म्हणाली होती, निघताना वळून बघायचं नाही, पाय अडकतो. म्हणून मी आरशात बघितलं. गल्लीच्या वळणापर्यंत दिसला." "दोन वर्षांनी गेलो तर मला अंकल म्हणाला. आता त्याला पोरं आहेत. चांगला आहे. ख्रिसमसला फोन करतो."

माझा बाप हमाल होता, पण रोज संध्याकाळी घरी यायचा.

सोहारला मामांच्या खोलीबाहेर टीम वाट बघत बसली होती. "झालं?" मोऱ्याने विचारलं.

"खलास. सही केली. ओपनर आणि कीपर पुढच्या शुक्रवारी येतील."

"आणि बोलर?"

"बोलरच्या बदल्यात एसी घेतला."

मोऱ्याचा चेहरा उजळला. "क्लबला? तंबूत लावायला?"

"दिनूला."

पुढची पाच मिनिटं मोरे जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "ओरडू नको. प्रेशर वाढेल तुझं." मग आत गेले. दिनू आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. "ऊठ," मामा खेकसले. "नाही जायचं म्हणे! आमच्या पोटांना मॅच जिंकून देत म्हातारा होणार काय इथे? पोरगी तुला काका म्हणेल, मग रडत येशील माझ्याकडे. बॅग भर. बनियन सरळ करून भर."

दिनू गेला. आणि गंमत म्हणजे, मोऱ्याचा हिशेब खरा ठरला. नवा ओपनर टिकून खेळायचा, नवा कीपर चपळ होता, आणि आपल्यावरही भिस्त आहे म्हटल्यावर आम्ही नळसुद्धा थोडं थोडं पाणी सोडू लागलो. आम्ही तीन मॅच जिंकलो! मामा आरशात बघून हॉर्न वाजवत होते, पण लांब हॉर्न कमी झाला होता. रस्सा मात्र ते पूर्वीएवढाच करत. एकाचं जेवण दर शुक्रवारी उरे, आणि ते डब्यात घालून घरी नेत.

मोसमाची शेवटची मॅच नेमकी अल हैलशी. जिंकलो तर वरच्या गटात राहणार, हरलो तर खाली. त्या सकाळी दिनू कंपनीच्या गाडीतून उतरला, मागोमाग त्याची बायको, आणि तिच्या कडेवर मुलगी. मुलगी बापाच्या शर्टाचं बटण चघळत होती. मामांनी गाडीतूनच हात हलवला. उतरले नाहीत. "मॅच आहे आज. नंतर," म्हणाले.

आमच्या ओपनरने सत्तर काढले. आमची धावसंख्या चांगली झाली. त्यांच्या डावात सुरुवातीलाच पडझड झाली, आणि पाचव्या नंबरवर दिनू आला. मग आम्हाला कळलं की फास्ट बोलर सोडून एसी घेणं म्हणजे काय असतं. दिनूला बाद करू शकेल असा एकही माणूस आमच्याकडे नव्हता. चेंडू भिंतीला लागत राहिला. शेवटच्या दोन षटकांत त्यांना पंधरा हव्या होत्या.

मोरे चेंडू बोलरकडे टाकून धावत सुटला तो मामांच्या गाडीकडे. मी तिथेच सीमारेषेवर उभा होतो, कारण जिथे चेंडू कमी येईल तिथे मला ठेवत.

"मामा, उतरा!" तो धापा टाकत म्हणाला. "बघा त्याच्याकडे. सरळ बघा. तो अजून तुमचाच माणूस आहे. आता तुमच्या नजरेशिवाय काही खरं नाही!"

मामा स्टिअरिंग धरून बसले.

"मामा, टीम मोडेल हो. तुम्ही मॅनेजर आहात ना आमचे?"

यावर मामा हलले. डॅशबोर्डवरचा काळा गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला, दार उघडलं, आणि येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. तोंड मैदानाकडे. त्या पहिल्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच. मोऱ्याने टाळ्या वाजवल्या. सगळी टीम ओरडली, "मामा बघतायत!" पिचवर दिनू थबकला. त्याने बॅट वर केली आणि हसून ओरडला, "मामा, बघू नका हां!"

मामांनी छाती पुढे काढली, दोन्ही हात पाठीमागे बांधले. बोलर धावला. मी अंधश्रद्धेविरुद्ध वाढलेला माणूस. तरी चेंडू सोडून मी मामांकडे बघितलं.

समोरून काळी काच दिसत होती. पण मी बाजूला उभा होतो, आणि गॉगलच्या दांडीमागून मला त्यांचा डोळा दिसत होता. घट्ट मिटलेला. लहान मूल इंजेक्शनच्या वेळी मिटतं तसा. ओठ हलत होते. इन्शाल्ला, आमेन. इन्शाल्ला, आमेन.

दिनूने बॅट फिरवली. चेंडू आमच्या डोक्यावरून गेला. सगळ्या माना वर झाल्या, माझीही. मामांची तेवढी हलली नाही.

पुढच्या षटकात मॅच संपली. तंबूत दिनूची बायको मुलीचे हात धरून टाळ्या वाजवत होती. दिनू हेल्मेट काढून थेट आमच्याकडे धावत येत होता. त्याच्या आधी मोरे पोचला, मांडीवर हात टेकून वाकला आणि म्हणाला, "मामा, असं कसं झालं हो? तुम्ही नीट बघितलं ना?"

मामांनी गॉगल काढला आणि शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला.

"बघितलं की. डोळे फाडून बघितलं," ते म्हणाले. "नजर म्हातारी झाली रे आता." मग माझ्याकडे वळले. "काय, इंगोलेसाहेब?"

"हो," मी म्हणालो. "मी शेजारीच होतो."